ओल्ड स्कूल रूनस्केप : जिथे खेळाडूंचं मत खरंच मोजतात

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

इस्लापूरहून मी बोलतेय. तुम्ही कुठून ऐकताय ते तुम्हालाच माहीत. किनवटच्या बसमध्ये असाल, नांदेडला रूमवर असाल, नाहीतर मोटार चालू करून बांधावर बसला असाल. कुठेही असा, इयरफोन नीट लावा. आज गेमवर बोलायचंय.

पण ‘टॉप टेन गेम्स’ वगैरे काही नाही. एकच गेम. दिसायला इतका जुना की मोबाइलवर उघडला तर शेजारचा विचारेल, ‘तुझा फोन बिघडला का?’ माणसांचे चेहरे चौकोनी, झाडं कागद कापून चिकटवल्यासारखी. नाव आहे ओल्ड स्कूल रूनस्केप. तलवारी, जादू, ड्रॅगन, राजवाडे असलेला फँटसी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी.

आता याच गेमवर का बोलायचं? सांगते. आपण सगळे गेमबद्दल मतं देतो. प्ले स्टोअरवर एक स्टार देतो, ग्रुपवर शिव्या घालतो, अपडेट आवडला नाही की ‘गेमची वाट लावली’ म्हणतो. पण त्या मताचं पुढे काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. कंपनी तिच्या मनाचं करते आणि आपण मुकाट्याने पुन्हा खेळतो. या गेममध्ये मात्र खेळाडूंच्या मताला मतपेटी आहे. नवीन गोष्ट आणायची तर आधी मतदान होतं. पास झालं तर येते, नापास झालं तर येत नाही. आजचा प्रश्न असा, की हे कितपत खरं आहे? आणि तुमच्या-माझ्यासारखा, फुकटात खेळणारा माणूस त्या मतपेटीजवळ पोचतो का?

आधी गेम काय आहे ते

ज्यांनी कधी आरपीजी खेळला नाही त्यांच्यासाठी सोप्पं करून सांगते. फ्री फायरमध्ये तुम्ही उतरता, मारामारी होते, वीस मिनिटांत विषय संपतो. पुढच्या डावात पुन्हा शून्यापासून सुरुवात. आरपीजीत तसं नसतं. तुमचं एक पात्र असतं आणि ते हळूहळू वाढतं. आज जे शिकलं ते उद्या त्याच्याजवळ असतं, अगदी दहा वर्षांनीसुद्धा.

या गेममधली बहुतेकांची पहिली मोहीम ऐका. लम्ब्रिज नावाच्या गावात एक राजवाडा आहे. तिथला आचारी रडकुंडीला आलाय. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि सामान नाही. त्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यात सापडतं. दुधासाठी बादली घेऊन गायीची धार काढायची. पिठासाठी शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या माडीवर नेऊन टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली येऊन मडक्यात पीठ भरायचं. एवढंच! ड्रॅगन पुढे आहेत, पण सुरुवात गिरणीपासून.

लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, लोहारकाम, जादू, धनुष्यबाण अशी कौशल्यं आहेत. एकूण २४, त्यातली १५ फुकट खेळणाऱ्यांना मिळतात. बाकीची ९ पैसे भरून सदस्य झालेल्यांना. शेती या दुसऱ्या गटात येते. तिथे बटाटा लावला तर तो खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढतो. तुम्ही फोन बंद करा, पीक वाढतच राहतं. कंपोस्ट टाकलं नाही तर रोग पडायची शक्यता जास्त. शेजारच्या शेतकऱ्याला काहीतरी देऊन राखण करायलाही सांगता येते. आपल्याकडच्या माणसाला यात नवीन काय, असं वाटेल. पण भाव पडण्याचं टेन्शन गेममध्येही असतं बरं का. त्यावर पुढे येते.

खेळाडूंचं ऐकलं नाही तेव्हा

रूनस्केप सुरू झाला ४ जानेवारी २००१ ला. इंग्लंडमधल्या अँड्र्यू गॉवर या तरुणाने तो बनवायला घेतला, भाऊ पॉल सोबत होता. पुढे जॅगेक्स नावाची कंपनी झाली, केंब्रिजमध्ये. तेव्हा गेमची सीडी घ्यायला लागायची नाही. ब्राउझर उघडा आणि खेळा. शाळेच्या कॉम्प्युटरवर, सायबर कॅफेत, कुठेही. म्हणून जगभरची पोरं तिथे जमली.

मग डिसेंबर २००७ आला. गेममध्ये वाइल्डरनेस नावाचा एक ओसाड मुलूख होता. तिथे खेळाडू खेळाडूला मारू शकत होता, मेलेल्याचं सामान लुटता येत होतं. कंपनीने ती मारामारी तिथून काढली. लगेच जानेवारी २००८ मध्ये देवाणघेवाणीवर बंधन आणलं. दोन बाजूंच्या मालाच्या किमतीत जास्त फरक असेल तर सौदाच होईना. म्हणजे मित्राला भारी तलवार भेट द्यायची सोय गेली.

कंपनीकडे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. गेममधलं सोनं खऱ्या पैशात विकणाऱ्या टोळ्या होत्या आणि चोरीच्या क्रेडिट कार्डांनी सदस्यत्वं घेतली जात होती. पण शिक्षा झाली सगळ्यांना. खेळाडूंनी गेममध्येच जमून निषेध केला, अनेकजण सोडून गेले. शेवटी तीन वर्षांनी कंपनीने विचारलं, हे परत आणू का? १२ लाखांहून जास्त मतं पडली आणि ९१ टक्के लोक हो म्हणाले. फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही गोष्टी परत आल्या.

यातून शहाणपण आलं असेल असं वाटतं ना? नाही आलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये गेममध्ये एक चक्र आणलं. फिरवा, नशिबात असेल ते बक्षीस घ्या, आणि एप्रिलपासून, जास्त वेळा फिरवायचं तर पैसे मोजा. जत्रेतली चक्री आठवली का? तीच ती. आणि २० नोव्हेंबर २०१२ ला लढाईची सगळी पद्धत बदलली. आधी शत्रूवर क्लिक केलं की तुमचं पात्र आपलं लढत राहायचं. आता बटणांची रांग आली, कुठली चाल कधी टाकायची ते बघत बसा. काहींना आवडलं, पण जुने खेळाडू म्हणाले, हा आमचा गेमच राहिला नाही. आणि ते गेले.

मतपेटी कशी आली

आता गंमत बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की गेमची एक जुनी प्रत आमच्याकडे आहे, ऑगस्ट २००७ ची. म्हणजे ते सगळे वादग्रस्त बदल होण्याच्या आधीची. ती पुन्हा सुरू करायची का? मतं द्या.

नुसतं ‘हो की नाही’ नव्हतं. टप्पे ठेवले होते. पन्नास हजार मतं आली तर इतकं करू, अडीच लाख आली तर याहून जास्त, मग पाच लाख, मग साडेसात लाख. जितकी मतं जास्त तितकी टीम मोठी आणि खेळाडूवरचा खर्च कमी. मतदान संपलं तेव्हा आकडा होता ४,४९,३५१. साडेचार लाखांना थोडा कमी. पण मोजणी संपायची वाटही बघितली नाही. २२ फेब्रुवारी २०१३ ला जुना गेम सुरू झाला.

सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढी टीम होती. पुष्कळांना वाटलं, जुन्या आठवणी म्हणून लोक चार-सहा महिने खेळतील आणि विसरतील. तसं झालं नाही. आज हाच ‘जुना’ गेम त्याच कंपनीच्या नव्या गेमपेक्षा जास्त खेळला जातो.

याचं श्रेय मी आठवणींना कमी आणि एका नियमाला जास्त देते. नियम असा होता की नवीन काहीही आणायचं तर मतदान, आणि ५१ टक्के पुरेसे नाहीत. ७५ टक्के हवेत. चारातले तीन. २०२२ मध्ये ही अट ७० वर आणली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. साध्या बहुमतात निम्म्याहून एक जास्त असला की उरलेल्यांचं काही चालत नाही. इथे उलटं आहे. ७० टक्के लोकांना पटलं नाही तर गोष्ट होत नाही. म्हणजे बदल आणणाऱ्याला खुलासा करावा लागतो, आराखडा दाखवावा लागतो, लोक बोलले की दुरुस्त करावा लागतो आणि मग मत मागावं लागतं.

जुनंच हवं म्हणणारे लोक काय मागतात

आता तुम्ही म्हणाल, ज्यांना २००७ च हवं होतं ते प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणणार. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण नोंदी वेगळं सांगतात.

ग्रँड एक्सचेंज घ्या. ही गेममधली बाजार समिती, आपलं मोंढाच समजा. माल टाका, भाव लावा, गिऱ्हाईक मिळालं की विकला जातो. मूळ गेममध्ये तो नोव्हेंबर २००७ ला आला, म्हणजे ऑगस्टच्या जुन्या प्रतीत नव्हता. लोक चौकात उभे राहून ‘मासे घ्या, मासे’ असं टाइप करत बसायचे. काहींचं म्हणणं, हीच तर मजा. माणसाशी माणूस बोलतो, घासाघीस होते, ओळख होते. दुसरे म्हणायचे, आम्हाला कामं आहेत, दोन तास ओरडत बसायला वेळ नाही. बराच वाद झाला, मतदान झालं, पास झालं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये मोंढा उघडला. जुनं मागणाऱ्यांनी स्वतःच एक नवी गोष्ट निवडली.

पण नवीन कौशल्याची वेळ आली की हात आखडले. आर्टिझन नावाचं कौशल्य सुचवलं, पडलं. सेलिंग, म्हणजे जहाज चालवणं, २०१५ मध्ये मांडलं, ७५ पर्यंत पोचलं नाही. २०१९ मध्ये वॉर्डिंग आलं, दोन तृतीयांशांच्या आसपास मतं मिळाली, तरी पडलं. विचार करा, आपल्याकडे एखाद्याला ६६ टक्के मतं मिळाली तर गुलाल उधळून मिरवणूक निघते. इथे फाइल बंद.

मग २०२३ मध्ये पुन्हा विचारलं. तीन पर्याय दिले, त्यातून लोकांनी सेलिंगच निवडलं. नंतर वेगळं मतदान, ते पास झालं. पुढे बनवताना दर टप्प्यावर चर्चा, चाचण्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जहाजं खरंच पाण्यात उतरली. पहिल्यांदा नाकारल्यापासून दहा वर्षांनी, आणि जुन्या गेममध्ये भर पडलेलं हे पहिलं नवीन कौशल्य.

काहीजण म्हणतात, दहा वर्षं म्हणजे अतिच झालं. मला ते योग्य वाटतं. जी गोष्ट एकदा आली की काढता येत नाही, तिला वेळ लागलेला बरा.

पण या मतपेटीला भोकं आहेत

आता दुसरी बाजू. नुसतं कौतुक करून भाग संपवला तर तुम्हीच मेसेज कराल.

पहिलं भोक म्हणजे ज्याचा संबंध नाही तोही मत देतो. वाइल्डरनेसमध्ये लढणारे खेळाडू कमी आहेत. राक्षसांशी लढणारे, शेती करणारे, लाकडं तोडणारे जास्त. लढणाऱ्यांसाठी काही सुधारणा मतदानाला आली की बाकीचे नाही म्हणायचे. काहींना ती नको होती, आणि काहींना फक्त जुना राग काढायचा होता, ‘यांनी मला मारून लुटलंय’. मग असे प्रस्ताव पडतच राहायचे. हे म्हणजे वस्तीवरच्या रस्त्याला गावातल्या लोकांनी नाही म्हणायचं, कारण त्यांना त्या रस्त्याने जायचंच नाही. शेवटी कंपनीने अशा काही गोष्टी मतदानाच्या बाहेर काढल्या. त्यावरही आरडाओरडा झाला. पण थोडक्या लोकांच्या गरजेचा फैसला फक्त डोकी मोजून होत नाही, हे या गेममध्ये लख्ख दिसलं.

दुसरं भोक म्हणजे पैशावर मतदान नाही. कौशल्य कुठलं, मोहीम कुठली, हे विचारतात. सदस्यत्वाची किंमत मात्र विचारत नाहीत. २०१६ पासून या कंपनीचे मालक अनेकदा बदललेत. जानेवारी २०२५ मध्ये खेळाडूंना एक सर्वेक्षण पाठवलं, त्यात सदस्यत्वाचे वेगवेगळे पर्याय होते आणि स्वस्त पर्यायात जाहिराती दाखवायची कल्पनाही होती. खेळाडू भडकले, कित्येकांनी सदस्यत्व रद्द केलं. कंपनीला माफी मागून मागे यावं लागलं. म्हणजे मत तिथेही चाललं. पण पेटीतून नाही, खिशातून.

आणि तिसरं भोक आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मत द्यायला सदस्य असावं लागतं. वर थोडीफार लेव्हलही लागते. म्हणजे इस्लापुरात, हिमायतनगरात, किनवटात बसून जो फुकट खेळतो, त्याला मत नाही. तो तासन् तास खेळेल, मासे पकडून मोंढ्यावर विकेल, त्याने पकडलेले मासे खाऊन सदस्य लोक ड्रॅगन मारतील. पण गेम कुठे न्यायचा ते ठरवताना त्याचा हात मोजला जाणार नाही.

यावर खेळाडूंमध्ये दोन मतं आहेत. एक म्हणतं, बरोबरच आहे. फुकट खाती कुणीही शंभर काढेल आणि मतदानाचा खेळखंडोबा करेल. यात तथ्य आहे. दुसरं म्हणतं, एका महिन्याचं सदस्यत्व लंडनच्या पोराला एका जेवणाएवढं आणि आमच्याकडच्या पोराला महिन्याभराच्या रिचार्जएवढं किंवा त्याहून जास्त. मग ही मतपेटी श्रीमंत देशांची झाली ना? यातही तथ्य आहे.

एक आडवाट आहे. मार्च २०१५ पासून गेममध्ये ‘बॉन्ड’ मिळतो. कुणीतरी खऱ्या पैशाने तो घेतो आणि गेममधल्या नाण्यांना विकतो. तुम्ही नाणी साठवून तो घेतला की १४ दिवसांचं सदस्यत्व. म्हणजे खिशातून रुपया न काढता मत मिळू शकतं. पण त्याला लागणारी नाणी फुकट खेळणाऱ्याला जमवायची तर घाम निघतो, आणि १४ दिवसांनी पुन्हा तेच. मताचा हक्क आहे, पण रोजगार हमीवर राबून मिळवायचा.

‘एवढा वेळ?’ यावरची मतं

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं, तो वेळेचा विषय.

प्रत्येक कौशल्यात ९९ लेव्हल गाठायची असते. त्यासाठी लागतात १,३०,३४,४३१ गुण. सदस्यांना तोडता येणारं एक झाड आहे, टीक. म्हणजे आपला सागवान! त्याच्या एका ओंडक्याचे ८५ गुण. भागाकार करा. नुसता सागवान तोडून ९९ ला जायचं तर दीड लाखाच्या वर ओंडके. आणि यातली खरी मेख ऐका, ९२ व्या लेव्हलला तुम्ही अर्ध्या वाटेवर असता. ९१ लेव्हल पार केल्या, ९२ वर पोचलात, आणि गेम सांगतो, आता अर्धं झालं.

घरात कुणी विचारलं, ‘काय करायलीस गं एवढा वेळ?’ तर खरं उत्तर असतं, ‘सागवान तोडायलेय.’ किनवटच्या जंगलाशेजारी राहून हे वाक्य जरा जपूनच बोलावं!

एक गट म्हणतो, ही शिक्षा आहे. एकाच झाडावर बोट ठेवून बसायचं, याला खेळ म्हणायचं? दुसरा गट म्हणतो, हाच आराम. आजी जपमाळ ओढते, कुणी विणत बसतं, तसंच हे. अर्धं लक्ष गेममध्ये, अर्धं गाण्यात किंवा पॉडकास्टमध्ये. आणि ९९ झालं की फटाके उडतात, सोबतचे अनोळखी लोक अभिनंदन टाइप करतात. कारण किती वेळ गेलाय ते त्यांना माहीत असतं.

शॉर्टकट अगदीच नाही असंही नाही. बॉन्ड विकून नाणी घेतली की काही कौशल्यं पटापट वाढतात. बॉन्डच्याही आधी, २०१४ मध्ये, ‘आयर्नमॅन’ नावाचा प्रकार आला. त्यात कुणाशी देवाणघेवाण करायची नाही. मोंढा बंद, भेट बंद. जे लागतं ते स्वतः मिळवायचं. जास्त त्रासाचा पर्याय, तरी हजारो लोक आपणहून तो घेतात.

माझं मत विचाराल तर वेळ किती गेला यापेक्षा कशाच्या आमिषाने गेला ते मी बघते. चक्र फिरवायला लावणारा गेम सांगतो, अजून एकदा फिरव, नशीब उघडेल. हा गेम सांगतो, अजून इतके ओंडके बाकी आहेत, जमत असेल तर तोड. हिशोब समोर असतो. पण वेळ दोन्हींत जातो, हेही खरं. परीक्षा तोंडावर असेल तर सागवान उभा राहू द्या.

ज्यांचं पोट यावर होतं

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला नावाचा देश आहे. २०१७ च्या सुमारास तिथलं चलन इतकं कोसळलं की महिन्याचा पगार हातात येईपर्यंत त्याची किंमत उरायची नाही. तेव्हा तिथली कित्येक पोरं या गेममध्ये हिरवे ड्रॅगन मारायची, त्यांची हाडं आणि कातडं विकून नाणी जमवायची आणि ती नाणी परदेशी खेळाडूंना खऱ्या पैशात विकायची. त्यातून किमान वेतनापेक्षा जास्त सुटायचं.

नियमाने हे चूक. नाणी खऱ्या पैशात विकली तर खातं बंद होतं. बाकी खेळाडूंचा राग होता, की यांच्यामुळे मालाचे भाव पडतात. ते हिरवे ड्रॅगन वाइल्डरनेसमध्ये असतात, जिथे खेळाडू खेळाडूला मारू शकतो. मग २०१७ मध्ये एकाने इंटरनेटवर चक्क मार्गदर्शन लिहिलं, व्हेनेझुएलाच्या खेळाडूंना कसं ओळखायचं आणि कसं मारायचं. त्यावर मोठा वाद पेटला. एक म्हणाला, नियम तो नियम. दुसरा म्हणाला, अरे, तुझा तो खेळ आहे आणि त्याचं ते रात्रीचं जेवण आहे.

मार्च २०१९ मध्ये व्हेनेझुएलात देशभर वीज गेली, तेव्हा त्याचा परिणाम गेममधल्या बाजारावरही जाणवला. भारनियमन तिकडे आणि भाव हलले लम्ब्रिजकडे!

मी यात निकाल देणार नाही. नियम मोडल्याने गेम बिघडतो हे खरं. पण ज्याच्यावर नियम सगळ्यात जड पडतो, त्याचं मत त्या पेटीत नसतं, हे लक्षात ठेवून बोलावं एवढंच.

आपल्या फोनवरून

आता कामाचं बोलू. हा गेम ३० ऑक्टोबर २०१८ पासून मोबाइलवर आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. डाउनलोड फुकट. कॉम्प्युटरवरचं खातं फोनवर चालतं.

ग्राफिक्स जुने आहेत, त्याचा फायदा आपल्यालाच. महागडा फोन लागत नाही. दुसरं, या गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाला एकदा टिकटिकतं. तुम्ही काहीही दाबा, ते पुढच्या टिकटिकीला होतं. नेमबाजीच्या गेममध्ये नेट जरा अडखळलं की तुम्ही मेलात. इथे एखादी काडी कमी असली तरी लाकूड तुटतं. सहस्रकुंडाकडे जाताना रेंज येते-जाते, तेवढ्यावरही मासेमारी निभावते. लढाईचं मात्र सांगत नाही, तिथे रेंज गेली तर जीव जाऊ शकतो. पात्राचा, तुमचा नाही.

अडचण भाषेची. मराठी नाही. मोहिमांमध्ये इंग्रजी संवाद भरपूर वाचावे लागतात. कंटाळा आला तर दोघांनी मिळून खेळा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने दाबायचं. आणि एक नक्की पाळा. गेममध्ये कुणी अनोळखी ‘तुझी नाणी दुप्पट करून देतो’ म्हणाला तर द्यायची नाहीत. हा तिथला फार जुना धंदा आहे. आपल्याकडे फोनवर येणाऱ्या लॉटरीचाच भाऊ.

जाता जाता

२ सप्टेंबर २०२० ला पबजी गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये काढला आणि मे २०२३ मध्ये परत आला. निर्णय सरकारचे, कारणं सुरक्षेची, त्यावर आज बोलायचं नाही. पण तेव्हा आपल्यातल्या किती जणांना वाटलं होतं, की निदान आम्हाला विचारा तरी? विचारण्याची सवयच नसते कुणाला. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही मत द्यायची सवय नसते. ग्रामसभेची दवंडी येते, तेव्हा आपण कुठे असतो?

या गेमच्या खेळाडूंनी ती सवय लावून घेतली. दर मतदानाआधी ते प्रस्ताव वाचतात, आकडेमोड करतात, भांडतात आणि मग बटण दाबतात. पेटीला भोकं आहेत, ती मी सांगितली. तरी भोकं असलेली पेटी, पेटीच नसण्यापेक्षा बरी.

आता तुमची पाळी. समजा उद्या असं ठरलं की फुकट खेळणाऱ्यालाही मत द्यायचं. तर शंभर खोटी खाती काढणाऱ्याला कसं थांबवाल? किती लेव्हल, किती दिवस, काय अट लावाल? व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आतली. पुढच्या भागात त्या ऐकवेन, आणि आपलंही मतदान घेऊ. अट तीच, ७० टक्के!

चला, भेटू. बॅटरी चार्ज ठेवा, काळजी घ्या.